गळ्याखालचं काम

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे मेथी निवडणं. इथं परदेशात, क्लोनडॉकिनच्या देशी दुकानातून पोरानं तीन जुड्या आणल्या होत्या, निम्म्या पिवळ्या पडलेल्या. सिटीवेस्टच्या त्या डबीएवढ्या हॉलमध्ये सोफ्यासमोर पेपर पसरून आम्ही बसलो होतो. मी पानं तोडत होतो आणि शकू माझी तोडलेली पानं परत तपासत होती, कारण माझ्या हातून देठ राहतात असं तिचं लग्नापासूनचं म्हणणं. पोरगा, सून आणि नात कुणाच्या तरी वाढदिवसाला गेलेली. रविवारची दुपार, बाहेर तीन वाजताच तिन्हीसांजा झाल्यासारखं, आणि खाली ट्रामची ती टिंग टिंग घंटा. ती घंटा मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. देवळात कुणी उगाच वाजवत बसल्यासारखी वाजते.

टीव्ही नात चालू ठेवून गेली होती. त्यावर फ्रेंच सिनेमा लागलेला. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, पण ती वाचणार कोण? माझी चौथी आणि शकूची पाचवी, दोघांच्या मिळून नऊ इयत्ता. पण त्या सिनेमाला भाषा लागत नव्हती. एक उंच गडी, कमरेला लाल पट्टा, चर्चच्या घंटेच्या दोराला लोंबकळत एका लग्नाच्या पंगतीत उतरतो, कुणाच्या तरी ताटातली कोंबडीची तंगडी उचलतो, आणि एका हातानं ती खात दुसऱ्या हातानं तलवार खेळतो. दरोडेखोर आहे, पण नवरीसुद्धा त्याच्याकडे बघून लाजते. पहारेकरी जिन्यावरून गडगडत खाली जातात आणि त्यांच्याकडे कोणी वळून बघत नाही. मला असले गडी बघवत नाहीत. चोर गोरागोमटा असला की लोकांना तो चोर वाटत नाही.

"बंद कर ते," मी म्हटलं.

"कशानं करू? रिमोट तुमच्या बुडाखाली आहे."

मी रिमोट चाचपत होतो, तेवढ्यात पडद्यावर नुसते त्याचे बूट आले. गुडघ्याच्या वर दुमडलेले, टाचेला घोड्याला टोचायची चांदणीसारखी आरी, घोट्याशी तीन बक्कल. माझा हात जागच्या जागी थांबला. ते बक्कल मी मोजून काढले होते.

"शकू, हे बूट माझे आहेत."

तिनं मान वर केली नाही. "मला मघाशीच कळलंय," म्हणाली. "तुम्ही आतून पिवळे काढले होते. हे तांबडे आहेत."

हे कशाबद्दल चाललं होतं ते सांगायचं तर सोलापूरला जावं लागेल. सून म्हणते, बाबा, लहानपणचं लिहून ठेवा, आम्हाला काहीच माहीत नाही. माहीत नव्हतं तेच बरं होतं. पण आता शकू नाही, त्यामुळं लपवायचं कुणापासून हाही प्रश्न राहिला नाही. शुद्धलेखनाला हसू नये. अक्षराला मात्र कोणी नाव ठेवणार नाही, अक्षरावरच मी जन्मभर जेवलो.

माझे वडील, आबा, सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. चौकातल्या थेटरावर दर शुक्रवारी नवा सिनेमा लागायचा, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी बारा फुटांचा बोर्ड वर चढलाच पाहिजे. आमचं घर दोन खणांचं, आणि त्यातला एक खण बोर्डाचा. मांजरपाटाच्या पट्ट्या जोडून फडका व्हायचा, त्याला खळ आणि सफेदा चढवायचा, वाळला की गेरूत बुडवलेली सुतळी ताणून चौकड्या मारायच्या. कंपनीकडून आलेल्या फोटोवरही तशाच बारीक चौकड्या. मग फोटोतल्या एका घरात जे असेल ते फडक्यावरच्या तेवढ्या घरात. भाकरीला जवसाच्या तेलाचा वास, पाण्याला टर्पेंटाइनचा. आई शेंगदाण्याची चटणी कुटायची तीही दारात बसून, आत कुटली तर ओल्या रंगावर कूट उडतं म्हणून. गिरणीचा भोंगा झाला की आबा ब्रश ठेवायचे आणि जेवायचे. दुसरा भोंगा झाला की उठायचे. घरात घड्याळ नव्हतं, लागलंही नाही.

कामाचा एक कायदा होता. चेहरा आबांचा, गळ्याखालचं माझं. साड्या, कोट, बंदुका, घोडे, ढग आणि अक्षरं मी करायची. नाक, डोळे, ओठ यांना मी हात लावायचा नाही. दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मी किती हिरोंची छाती रंगवली असेल त्याला गणती नाही, पण एकाचंही नाक माझं नाही. "चेहरा चुकला तर थेटरवाला आपल्याला बोर्डासकट जाळंल," आबा म्हणायचे. "चेहऱ्याला मनुष्य बघावा लागतो. तू अजून बघितला नाहीस."

माझा थोरला भाऊ दिनू मात्र काहीच करायचा नाही. त्याला कोणी कामाला लाग म्हणूनही म्हणायचं नाही. दिसायला तो राजबिंडा होता, हे मी शत्रू म्हणून लिहितोय तरी लिहितोय. लहानपणी पतंगामागं धावताना पडला होता, तेव्हाची भुवईत एक खाच राहिलेली, तिथं केस कधी आले नाहीत. ती खाच त्याला आणखीच शोभायची. परसात कडुनिंबाला खिळा ठोकून वीतभर आरसा टांगला होता, घरात आरसा तेवढाच. सकाळी दिनू त्यात भांग पाडत उभा राहायचा आणि मी त्याच्या मागं, माझा नंबर कधी लागतो त्याची वाट बघत. भावाचं तोंड मी बघितलं ते असं, रोज, त्याच्या खांद्यावरून, आरशात. एरवी तो घरात असायचाच कुठं? आणि असला तरी आईच्या हातची पहिली भाकरी खाऊन, मला टप्पल मारून, "काय बे पेंटर, आज कुणाची चड्डी रंगवली?" असं विचारून गेला सुद्धा.

शकू आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. तिची आई आमच्या फडक्यांच्या पट्ट्या शिवून द्यायची आणि आणून द्यायला शकू यायची. ती दारात आली की मी मान खाली घालून घोडे रंगवायचो. दिनू घरात असला की ती जरा जास्त वेळ थांबायची. हे मी बघितलेलं आहे, ऐकलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात दिनूनं दोन मित्रांना घेऊन गिरणीच्या ट्रकमधून कापडाचे गठ्ठे उतरवले. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत सात बायकांकडं नवी लुगडी. आईला एक, शकूच्या आईला एक, कोपऱ्यावरच्या विधवा म्हातारीला एक. गल्ली नुसती खूश. दिनू काय, देवच! पण ट्रकवर सिद्राम म्हणून वॉचमन होता, त्याला ढकलताना तो खाली पडला आणि त्याची मांडी मोडली. पुढं जन्मभर तो काठी टेकत चालला. त्याच्या घरी मी एकदा गेलो होतो, त्याच्या बायकोच्या अंगावरचं लुगडं दोन ठिकाणी फाटून दंड घातलेलं. तिला कुणी नवं दिलं नव्हतं. म्हणून सांगतो, सिनेमात पहारेकरी जिन्यावरून गडगडतो आणि थेटर हसतं, तेव्हा मला हसू येत नाही. हसणाऱ्यांचाच राग येतो.

पोलीस दिनूला शोधायला लागले आणि तो गायब झाला. हवालदाराला त्याचं नाव माहीत होतं, तोंड माहीत नव्हतं. घरात फोटो नव्हताच. गल्लीतलं कुणी बोलायला तयार नाही, सगळ्यांच्या ट्रंकेत लुगडी. त्याच आठवड्यात आबांना कावीळ झाली, डोळे हळदीसारखे, ब्रश धरला की हात लटपटायचा. आणि थेटरवाल्यानं हा फ्रेंच सिनेमा आणला. हिंदी सिनेमाच्या रिळांची पेटी कुठंतरी अडकली म्हणून मिळेल तो लावला होता. नावही त्यानंच ठेवलं, "राजबिंडा लुटारू", आणि अक्षरं ठळक पाहिजेत म्हणून बजावून गेला. सोबत फोटो एकच. दोराला लोंबकळणारा गडी, लांब बूट, हातात तंगडी, आणि चेहऱ्याच्या जागी पाणी पडून उडालेला पांढरा डाग.

आबा खाटेवरून म्हणाले, "वसंता, चेहरा तू काढ." मी विचारलं, "कसा काढू? फोटोत तोंडच नाही." ते भिंतीकडे वळले आणि म्हणाले, "मग बघितलेला काढ."

गुरुवारी दुपारी मी शिडीवर चढलो. खाली शकू पुढच्या बोर्डाच्या पट्ट्या टाचत बसली होती. मी कुणाचाही चेहरा काढणार नव्हतो. नुसता एक देखणा पुरुष काढायला गेलो. पण मला दुसरा देखणा पुरुष माहीतच नव्हता. नाक झालं, ओठ झाले, डोक्यावर टोपी दिली, आणि खाली बघितलं तर शकूची सुई थांबलेली. ती वर बघत होती आणि हसत होती. आठ वर्षं तिनं माझं काम बघितलं, एकदाही तशी हसली नव्हती. "अगं बाई," ती म्हणाली, "हे तर दिनू!"

मी शिडीवरून उतरलो. पाणी प्यालो. परत चढलो, आणि भुवईत खाच काढली.

लोकांना मी जन्मभर सांगत आलो की हात आपोआप गेला. हात आपोआप जात नसतो. पाणी पिऊन परत चढायला वेळ लागतो. सिद्रामच्या मांडीसाठी केलं असंही मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं, तेही खरं नाही. शकू हसली म्हणून केलं.

संध्याकाळी बोर्ड चढला आणि रात्रीच्या आत चौकात जत्रा जमली. लोक बोट दाखवायचे, हसायचे, शिट्ट्या मारायचे. फ्रेंच सिनेमाला सोलापुरात तिकीटबारीवर मारामारी झाली ती आमच्या दिनूमुळं, सिनेमा कुणाला कळला होता! हवालदारानं पानवाल्याला विचारलं, "हा कोण रे?" पानवाला म्हणाला, "हिरो आहे." पण हवालदार काही एवढा मूर्ख नव्हता. तो बोर्डाखाली खुर्ची टाकून बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याची भुवई बघू लागला.

शनिवारी भर दुपारी दिनू आला. टोपी नाही, मफलर नाही, चौकाच्या मधोमध उभा राहिला, मान वर करून बोर्ड बघितला आणि मोठ्यानं हसायला लागला. डाव्या भुवईवर हात ठेवून तो पोट धरधरून हसत होता, असं सगळ्यांनी सांगितलं. हसता हसताच पकडला गेला. लोक म्हणाले, काय छाती! मी म्हटलं, काय मस्ती! स्वतःचं बारा फुटांचं तोंड बघायची हौस त्याला तुरुंगात घेऊन गेली. सुटून आल्यावर तो घरी आलाच नाही, बार्शीला जाऊन त्यानं सायकलचं दुकान टाकलं. आई मला वाढायची, पण ताट पायानं सरकवल्यासारखं सरकवायची, आणि मरेपर्यंत माझ्याशी जरुरीपुरतंच बोलली. मी परत कधी चेहरा काढला नाही. दुकानाच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवले. दोन वर्षांनी शकूचं माझ्याशी लग्न झालं. मला वाटलं, एक पळाला म्हणून दुसऱ्याला दिली.

आता परत त्या सोफ्यावर या. तिसरी जुडी अजून बांधलेली होती. पडद्यावर तो गडी आता कौलांवरून पळत होता. चेहरा मी काढलेल्यासारखा मुळीच नव्हता, बसकं नाक, भुरे केस.

शकू म्हणाली, "खाच तुम्ही नंतर काढली होती."

मी पुढ्यातली पानं उगाच सारखी केली.

"मी खालीच बसले होते की. मला काय दिसलं नव्हतं?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही म्हणायचे, हात आपोआप गेला. म्हटलं, जाऊ दे, गेला असंल." तिनं एक देठ काढून पेपरवर टाकला. "आणि माझं तरी कुठं धुतल्या तांदळाचं होतं? मी त्याला निरोप धाडला होता. बोर्डावर तुझं तोंड लागलंय, हवालदार बसलाय, पळून जा म्हणून. तो पळायचा सोडून इकडंच आला. मी निरोप धाडलाच नसता तर त्याला कळलंही नसतं."

एवढं वय झालं, दाढ नाही तोंडात, पायात दोन जोड मोजे, आणि माझ्या अंगाची आग झाली. खाच राहिली बाजूला.

"म्हणजे तो कुठं लपलाय ते तुला ठाऊक होतं. पोलिसांना नाही, आईला नाही, तुला!"

"वसंता," ती म्हणाली. चिडली की ती मला लग्नाआधीसारखं नावानं हाक मारायची. "वसंता, मी बावन्न वर्षं कुणाच्या भाकऱ्या थापल्या रे?"

"जा मग त्याच्याकडं," मी म्हटलं. "बार्शीला जा. तो देखणा आहे अजून."

मी उठलो, आतल्या खोलीत गेलो आणि दार लावलं. थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला, "अहो, चहा झालाय." मी ओ दिली नाही. पुन्हा हाक आली नाही. मी म्हटलं, बरं झालं. तासाभरानं बाहेर आलो तर ती सोफ्यावर तशीच बसलेली, मान जरा कलती. माझ्या कपावर बशी झाकलेली होती. सिनेमा संपून बातम्या लागल्या होत्या.

अँब्युलन्स आली, पोरगा आला, सगळं झालं. हृदय थांबलं, त्रास झाला नसेल, असं डॉक्टर बाई म्हणाली. शेजारची आयरिश म्हातारी रात्री सँडविचचं ताट घेऊन आली, माझा हात धरून "सॉरी फॉर युअर ट्रबल" असं इथं दुखवट्याला म्हणतात तसं म्हणाली आणि कुणी न सांगता माझ्याजवळ तासभर बसली. मला वाटलं, हिला म्हणावं, जा बाई. पण तिनं हात सोडला नाही, आणि मीही काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा शकूच्या फोनवरून एकेकाला कळवत होता. मध्येच थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, दिनूकाकांना मी सांगू का तुम्ही सांगता?"

"त्याचा नंबर कुठला तुझ्याकडं?"

"आईच्या फोनमध्ये आहे. दर दिवाळीला करायची ना ती." मग जरा खाली बघून म्हणाला, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी फोन घेतला. सोलापूर-बार्शीकडं तेव्हा दुपार चढलेली असणार. तीन वेळा वाजल्यावर पलीकडून म्हातारा खोकला, आणि मग आवाज, अजून तसाच, "बोल शकू!"

"शकू नाही," मी म्हटलं. "वसंता आहे. शकू गेली काल."

पलीकडं तो रडायला लागला, मोठ्यानं, लहान पोरासारखं. त्यानं रडू नये असं मला वाटलं. माझी बायको होती. मी अजून रडलो नव्हतो आणि हा पहिला रडून मोकळा! त्याला थांबवायचं म्हणून, आणि दुखवायचं म्हणूनही, मी म्हटलं, "ती खाच मी मुद्दाम काढली होती. हात आपोआप गेला नव्हता. तुला धरावं म्हणूनच काढली."

तो नाक ओढत राहिला. मग म्हणाला, "मुद्दाम काढलीस ते ठीक आहे. पण उलट्या भुवईवर काढलीस की बे."

"काय?"

"माझी खाच डावीकडं आहे. तू उजवीकडं काढलीस. खालून बघितलं आणि मला हसू आवरंना. म्हटलं, बघा, पेंटरनं आपल्याला आरशातलंच बघितलंय." तो हसला का हुंदका होता, फोनवर कळलं नाही. "तेवढ्यात हवालदारानं मानगूट धरली."

"शकूनं तुला पळ म्हणून सांगितलं होतं."

"होतं. पोरगं निरोप घेऊन आलं तेव्हा मी टेशनातच होतो, गाडी समोर होती. पण निरोपात आणखी एक होतं. चेहरा आबांनी नाही, वसंतानं काढलाय, असं तिनं सांगून पाठवलं होतं." तो खोकला. "तुझा पहिला चेहरा होता. म्हणून तर आलो बघायला."

फोन कोणीच ठेवला नाही, त्याचा खोकला ऐकू येत होता आणि खाली ती ट्रामची घंटा. ओट्याजवळ तिसरी जुडी तशीच बांधलेली पडली होती. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून मी ती पेपरवर सोडली. सून हळूच म्हणाली, "बाबा, आता घरात फोडणी नाही द्यायची. राहू दे ती." मी तिला हातानं थांब म्हणून सांगितलं, सोफ्यावर शकू बसायची त्या बाजूला बसलो, आणि एकही देठ राहणार नाही अशी मेथी निवडायला लागलो.